चौथ्या पट्ट्यातली निलगिरी

१९७३ च्या जुलैत बसवंतवाडीच्या माळावर झाडं लावायचं काम निघालं, तेव्हा मौलाली शेख वनखात्यात गार्ड म्हणून लागून चारच वर्षं झाली होती. माळ अक्कलकोट रस्त्याच्या डाव्या अंगाला. वर वीतभर मुरूम, खाली पांढरी चुनखडी. आदल्या वर्षी दुष्काळी कामावरच्या माणसांनी तिथं खड्डे खणून ठेवले होते. माळाचे पाच पट्टे पाडलेले होते आणि वरून आलेला हुकूम सरळ होता: पाचही पट्ट्यांत निलगिरी.

पहिले तीन आणि नाला ओलांडून पलीकडचा पाचवा असे चार पट्टे लावून झाले आणि चौथ्याला रोपं कमी पडली. ट्रक पुन्हा यायला तीन आठवडे लागणार होते. आभाळ भरून आलेलं, खड्डे उघडे. कामावरच्या बायकांची मुकादमीण चंद्रव्वा मौलालीपुढं येऊन उभी राहिली. पन्नाशीची, अंगानं वाळकी बाई. बायकांशी कानडीत बोलायची, मौलालीशी मराठीत.

"भाऊ, खड्डं असंच ठिवायचं का? पाऊस वाया चाललाय की."

"रोपं न्हाईत, आक्का. काय लावू?"

"नर्सरीच्या कोपऱ्यात जुनी रोपं पडल्यात. करंज हाय, कडू लिंब हाय, खैर हाय, अंजन हाय. कुणी विचारत न्हाय त्यास्नी."

मौलालीनं होकार दिला. चंद्रव्वानं एका निलगिरीमागं दोन दुसरी अशा हिशोबानं चौथा पट्टा भरून काढला. मधल्या मोकळ्या जागेत तिनं तुरीचे दाणेही टोचले. संध्याकाळी मौलाली नोंदवही घेऊन बसला. वहीत झाडाच्या जातीसाठी एकच रकाना होता. त्यानं चौथ्या पट्ट्यापुढंही 'निलगिरी' लिहिलं. पुढच्या वर्षी ट्रक आला की ही बाकीची काढून निलगिरी लावू, असं त्याच्या मनात होतं. पुढच्या वर्षी ट्रक आलाच नाही, आणि ती नोंद तशीच राहिली.

तिसरा पावसाळा संपत आला तेव्हा मौलाली माळावर जायला कचरू लागला. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या पट्ट्यातली निलगिरी कमरेएवढीसुद्धा झाली नव्हती. पानं पिवळी पडलेली, शिरा तेवढ्या हिरव्या. चौथ्या पट्ट्यात मात्र करंज, लिंब, खैर पुरुषभर झाले होते आणि त्यांच्यामधून निलगिरी बारा-बारा फूट वर गेली होती. हिरवीगार. रोप तेच, ट्रक तोच, दिवससुद्धा तेच.

का, ते त्याला कळेना. आधी त्याला वाटलं, नाल्याच्या कडेला आहे म्हणून ओल मिळत असेल. पण नाल्याच्या पलीकडच्या काठावरचा पाचवा पट्टा पिवळाच होता. मग वाटलं, खैराच्या काट्यांमुळं शेळ्या आत शिरत नसतील. पण पहिल्या पट्ट्याला तर काटेरी तार होती, तिथं एक शेळी गेली नव्हती, आणि तिथली झाडं सगळ्यांत वाईट होती. त्यानं चंद्रव्वाला विचारलं.

"आक्का, तू त्यात काय टाकलंस?"

"काय टाकनार? तुमच्याच म्होरं लावलं न्हवं?"

"मग हे असं का?"

"मला काय ठावं!" चंद्रव्वा हसली. "झाड आलं तर का आलं म्हून कुनी विचारतं का? मेलं तर विचारायचं."

१९७६ च्या जानेवारीत नवे रेंजर आबासाहेब घाडगे पाहणीला आले. करमाळ्याकडचे, कामाला कडक, पण माणूस मनानं सरळ. बाकीचे चार पट्टे त्यांनी भरभर पालथे घातले. चौथ्यात शिरले आणि थांबले. एका निलगिरीच्या खोडावर हात ठेवून वर बघत राहिले.

"मौलाली, हे काय आहे?"

"निलगिरी, साहेब."

"ते दिसतंय मला. इथं इतकी आणि तिथं तशी का?"

"कळत न्हाई, साहेब."

करंज आणि लिंब आपोआप उगवलेले असावेत असं आबासाहेबांनी गृहीत धरलं. नोंदवहीत निलगिरीच लिहिलेली होती, मग दुसरं काय समजणार? त्यांनी रुमालानं मान पुसली.

"म्हणजे या माळावर निलगिरी येते. फक्त जमीन ओळखायला पाहिजे. या पट्ट्यातली माती तपासून घेऊ. अशीच माती पुढच्या माळावर जिथं जिथं निघेल तिथं पुढच्या वर्षी निलगिरीच लावायची. चारशे एकर तरी निघेल."

 पुढच्या माळावर धनगरांची मेंढरं चरायची, बसवंतवाडीची गुरं जायची. चारशे एकर त्याच्या एका रकान्यातल्या एका शब्दावर ठरत होते. बोलावं असं त्याला त्याच क्षणी वाटलं. पण बोलून सांगणार काय? की साहेब, या दुसऱ्या झाडांमुळं निलगिरी आली? तसं असेल कशावरून? त्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. त्यानं वही काखेत मारली आणि साहेबांच्या मागं चालू लागला.

दोन पिशव्यांत माती भरून सोलापूरला तपासणीला गेली. एक चौथ्या पट्ट्यातली, एक तिसऱ्यातली. फेब्रुवारीत कागद आला तो वाचून आबासाहेबांनी मौलालीला ऑफिसात बोलावलं.

"पिशव्यांची अदलाबदल केलीस काय?"

"न्हाई, साहेब."

"मग हे वाच. चौथ्या पट्ट्यात चुना जास्त. तिसऱ्यात कमी. म्हणजे चौथ्यातली माती तिसऱ्यापेक्षा वाईट! वाईट मातीत झाड बारा फूट आणि बऱ्या मातीत दोन फूट?"

"मी चिठ्ठ्या नीट बांधल्या होत्या."

"नीट बांधल्या असत्यास तर असं आलं असतं का?"

घरी जाताना मौलाली सायकल हातात धरून चालतच गेला. चिठ्ठ्या त्यानं बांधल्या होत्या. आधी चौथ्याची, मग तिसऱ्याची. की आधी तिसऱ्याची? त्या दिवशी वारा होता, एक चिठ्ठी उडाली होती, ती त्यानं पळत जाऊन पकडली होती. ती कुठली होती? जितकं आठवत गेला तितकं सगळं पुसट होत गेलं.

दुसऱ्यांदा त्यानं माती काढली ती शपथेवर काढल्यासारखी. एका दिवशी चौथ्याची, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याची, पिशव्यांवर शाईनं आकडे. आणि पोस्टानं न पाठवता एस.टी.नं स्वतः सोलापूरला घेऊन गेला.

माती तपासणारे गुरुबसप्पा म्हणजे जाड चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. पांढऱ्या कोटाच्या खिशात त्यांच्या कायम शेंगदाणे असायचे. मौलाली समोरच्या बाकावरून हलेना, तेव्हा त्यांनी त्याच्यादेखतच चिमूटभर माती बशीत घेतली आणि वर ॲसिडचे थेंब सोडले. माती सोड्यासारखी फसफसली.

"हा चुना. बघा किती उसळतोय. आता ही दुसरी."

दुसरी जरा कमी उसळली.

"पहिली कुठली?" मौलालीनं विचारलं.

"चौथा पट्टा."

म्हणजे चिठ्ठ्या बरोबर होत्या. मौलालीला हायसं वाटलं आणि लगेच दुप्पट गोंधळायला झालं.

"साहेब, तिथंच झाडं चांगली हायत."

"शक्य नाही." गुरुबसप्पांनी चष्मा काढला. "चुना जास्त झाला की माती लोह धरून ठेवते, झाडाला सोडत नाही. लोह नाही मिळालं की पान पिवळं पडतं. तुमची निलगिरी पिवळी आहे ना? शिरा हिरव्या?"

"व्हय. पन ती तिसऱ्यात. चौथ्यात हिरवी हाय."

गुरुबसप्पांनी तीन शेंगदाणे तोंडात टाकले आणि बशी जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, "माती काढताना काय केलंत? पहिल्यापासून सांगा."

"तुमच्या सूचनांच्या कागदावर लिवलंय तसंच. वरचा कचरा बाजूला सारला, खुरप्यानं वीतभर खड्डा घेतला..."

"कचरा किती होता?"

"तिसऱ्यात काहीच न्हवता. चौथ्यात पाला हाय, बोटभर, कुटं दोन बोटं. खालचा कुजून काळा झालाय."

"तो काळा भाग कुठं आहे?"

"टाकला की. कागदावर लिवलंय, कचरा काढावा."

गुरुबसप्पा मोठ्यानं हसले. "लिहिलंय खरं. आम्हीच लिहिलंय. जा, मला तो कचराच आणून द्या. आणि झाडांची मुळं आणा. सगळ्या झाडांची."

"सगळ्या?" मौलालीनं विचारलं.

"का? एकटी निलगिरीच आहे का तिथं?"

त्या अनोळखी माणसाला मौलालीनं सगळं सांगून टाकलं. चंद्रव्वा, कोपऱ्यातली रोपं, तूर, वहीतला रकाना. गुरुबसप्पांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हे मला सांगून उपयोग नाही. तुमच्या साहेबांना सांगा. पण आधी मुळं आणा."

पुढच्या आठवड्यात मौलाली आणि चंद्रव्वानं मुळं खणली. करंजाच्या आणि खैराच्या बारीक मुळ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी निघाल्या. लिंबाच्या मुळांवर गाठी नव्हत्या, पण ती मुळं चुनखडीच्या फटीतून इतकी खोल गेलेली की पहार पुरेना. आणि कुजलेल्या पाल्यात सगळीकडं पांढरे तंतू पसरलेले, कापसाच्या सुतासारखे. ते एका झाडाच्या मुळाला चिकटलेले आणि दुसऱ्याच्याही.

"आयव्वा!" चंद्रव्वा म्हणाली. "हे तर एकमेकाच्यात अडकल्यात."

गुरुबसप्पांनी सगळं तपासलं. गाठींमध्ये हवेतला नत्र धरला जातो, हे त्यांनी समजावून सांगितलं. वरच्या काळ्या थरात नत्र तिसऱ्या पट्ट्याच्या तिप्पट होता आणि मातीतला चुन्याचा जोर उतरला होता. "कुजताना आंबटपणा येतो, त्यानं थोडं लोह सुटत असेल," ते म्हणाले. मौलालीला वाटलं, चला, उत्तर मिळालं. पण गुरुबसप्पाच मान हलवत होते.

"पाला पडला म्हणून झाडं वाढली, हे ठीक. पण पाला पडायला आधी झाड वाढायला लागतं. पहिल्या वर्षी पाला नव्हता. मग सुरुवात कशानं झाली?"

"तुरीनं?"

"असेल. सावलीनंही असेल. नाहीतर त्या पांढऱ्या तंतूंनी असेल. मला माती कळते हो, जंगल कळत नाही."

एप्रिलमध्ये मौलालीनं आबासाहेबांना खरं सांगितलं. आबासाहेब एरवी त्याला अरे-तुरे करायचे. त्या दिवशी त्यांनी शांतपणे वही मिटली आणि म्हणाले, "बसा, शेख." तेव्हाच मौलाली समजला की आता काही खरं नाही.

"तुम्ही सरकारी नोंदीत खोटं लिहिलंत. माझा चारशे एकरांचा प्रस्ताव त्या नोंदीवर वर गेला आहे. आणि आता तुम्ही सांगता की झाड आलं ते दुसऱ्या झाडांमुळं. पुरावा?"

मौलालीनं गुरुबसप्पांचा कागद पुढं केला. आबासाहेबांनी तो दोनदा वाचला.

"यात 'असावे' किती वेळा आलंय मोजा. अहो, साधी गोष्ट आहे. तीन माणसांच्या ताटात एकाचंच जेवण असेल तर तिघं उपाशी राहतात. इथं तिघं धष्टपुष्ट कशी?"

"मलाबी तेच कळत न्हाई, साहेब."

आबासाहेब उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा त्यांच्या आवाजातली धार गेली होती. "आपण करून बघू. चौथ्या पट्ट्याचा अर्धा भाग साफ करा. करंज, लिंब, खैर, सगळं तोडा, पालाही उचला. निलगिरी तेवढी ठेवा. ती स्वतःच्या जोरावर आली असेल तर राहील, उलट जास्त वाढेल."

चंद्रव्वानं कोयता खाली ठेवला. "ह्या हातानं लावल्यात. ह्या हातानं तोडनार न्हाय. मजुरी बुडली तर बुडू द्या."

"आक्का, हुकूम हाय."

"मग तुमी तोडा."

मौलालीनं तोडली. शेजारच्या गावातले दोन गडी आणून मे महिन्यात चार दिवस तो स्वतः कुऱ्हाड चालवत होता. तिसऱ्या दिवशी चंद्रव्वा आली, लांब बांधावर बसली आणि उठून गेली. साफ केलेल्या भागात फक्त निलगिरी उरली, अंतराअंतरावर, उंच आणि एकटी.

आणि मग जे झालं त्यानं मौलालीचं डोकं पुरतं फिरलं. पावसाळा लागला तशी त्या साफ केलेल्या भागातली निलगिरी सरसर वाढली. ऑक्टोबरात मोजली तर न तोडलेल्या भागातल्यापेक्षा सव्वा फूट जास्त भरली. पानं हिरवी, टवटवीत. आबासाहेबांनी स्वतः टेप धरला होता.

"बघ, मौलाली!" ते पुन्हा 'तू'वर आले होते. "गर्दी हटली, झाड सुटलं. तुझे गुरुबसप्पा काय म्हणतात आता?"

मौलालीनं आकडा वहीत उतरवला. त्या रात्री तो नीट जेवला नाही. दीडशे करंज, दोनशे लिंब आपण तोडले ते बरोबर होतं की चूक? बरोबर असेल तर इतके दिवस आपण डोळ्यांनी जे बघत होतो ते काय होतं? नोंद खोटी होती खरी, पण आता ती खोटी नोंदच खरी ठरत होती. चंद्रव्वाला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "आसंल." आणि दुसरीकडं बघू लागली.

तरी त्यानं मोजणी सोडली नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो टेप घेऊन जायचा. कुणी सांगितलं नव्हतं. डिसेंबरात वाढ थांबली. फेब्रुवारीत साफ केलेल्या भागातल्या शेंड्यांची नवी पानं फिकी निघाली. मार्चअखेर ती पिवळी झाली, शिरा तेवढ्या हिरव्या, अगदी तिसऱ्या पट्ट्यासारखी. एप्रिलच्या उन्हात शेंडे वरून वाळत आले. आणि मधे फक्त एक पायवाट सोडून पलीकडं, न तोडलेल्या भागात, झाडं हिरवीच होती.

मौलालीनं एक फांदी इकडची आणि एक तिकडची सायकलला बांधली आणि रेंज ऑफिसात जाऊन आबासाहेबांच्या टेबलावर ठेवली. आबासाहेबांनी दोन्ही उचलून बघितल्या. मग टोपी घातली आणि त्याच्याबरोबर जीपमधून माळावर आले. पायवाटेवर उभं राहून ते एकदा डावीकडं बघत, एकदा उजवीकडं. जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी दोन्हीकडची माती बोटांत चुरडली.

"पावसाळ्यात का वाढली मग?" त्यांनी विचारलं. आवाज ऐकून मौलालीला वाटलं, साहेब आपल्याला विचारत नाहीयेत.

"साठवन होती ती खाल्ली असंल," तो तरीही म्हणाला. "आदल्या तीन वर्साच्या पाल्याची. ती संपली. पन हे माझं म्हननं हाय, साहेब. खरं काय ते ठावं न्हाई."

"मलाही नाही." आबासाहेब गुडघ्यावर हात टेकून उठले. "नोकरीला वीस वर्षं झाली, आणि मला हे माहीत नाही."

त्यांनी वर जे पत्र लिहिलं त्याची नक्कल मौलालीनं पुढं वाचली. निलगिरीचा चारशे एकरांचा प्रस्ताव मागं घेत असल्याचं त्यात लिहिलं होतं, आणि चूक आपल्या घाईची असल्याचंही. मौलालीच्या नावानं वेगळा कागद निघाला. खोट्या नोंदीबद्दल त्याच्या सेवापुस्तकात ठपका लागला. आबासाहेबांनी तो थांबवला नाही. सही करून त्याच्या हातात देताना फक्त म्हणाले, "हा लागायलाच हवा होता."

"व्हय, साहेब," मौलाली म्हणाला. त्याला खरोखरच हलकं वाटलं होतं.

पुढच्या माळाचा मोठा भाग चराईला तसाच राहिला. वीस एकरांवर मिश्र झाडं लावून बघायला परवानगी आली, ती १९७८ च्या पावसाळ्यात. तोवर आबासाहेबांची बदली झाली होती. गुरुबसप्पांनी मौलालीला एक यादी करून दिली होती: गाठीची झाडं इतकी, खोल मुळांची इतकी, एकाआड एक. मौलालीनं ती चंद्रव्वाला वाचून दाखवली. तिनं ऐकून घेतली आणि स्वतःच्या मनानं लावायला सुरुवात केली. खडकाळ जागी अंजन, त्याच्या खालच्या अंगाला करंज, मधे तूर. एका ठिकाणी तिनं सलग चार लिंब लावले.

"यादीत असं न्हाई, आक्का."

"नसंल."

"मग चार का लावलं?"

"हितं चार बरं वाटलं."

मौलालीनं वही उघडली. या वेळी त्यानं कार्यालयातून रकाने वाढवून घेतले होते, जातीसाठी सात. चार लिंब त्यानं लिंबाच्या रकान्यात लिहिले. शेरा लिहायची जागा त्यानं कोरी सोडली आणि पुढच्या खड्ड्याकडं गेला.

त्या वीस एकरांतला अर्ध्याहून जास्त भाग जगला. नाल्याकडचा करंज सगळा मेला, त्याचं कारण कुणाला सापडलं नाही. गुरुबसप्पा एकदा स्वतः येऊन मातीच्या अकरा पिशव्या घेऊन गेले. चार लिंब मात्र चांगले झाले. चौथ्या पट्ट्याच्या साफ केलेल्या अर्ध्या भागात चंद्रव्वानं पुन्हा करंज लावला होता. दोन वर्षांनी तिथली वाचलेली निलगिरी बुडातून फुटली. तिचे कोंब एका बाजूनं हिरवे होते आणि एका बाजूनं पिवळे. मौलालीनं वहीत 'हिरवी' आणि 'पिवळी' असे दोन नवे रकाने आखले, कोंबांची नोंद दोन्हींत केली आणि गुरुबसप्पांना पत्र लिहायला घेतलं.